जांभळाचा रंग शरीरात कुठे जातो?

पांढऱ्या सदऱ्यावर जांभळाचा डाग पडला की घरातलं कुणीतरी साबणाची वडी घेऊन धावतं. डाग निघायचा राहतो बाजूला, तो निळसर पडतो. त्याच डागावर लिंबाची फोड चोळून बघा, तो गुलाबी होतो. पुन्हा साबण लावा, पुन्हा निळा. जांभळातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य हा खेळ करतं. भोवती आंबटपणा असला की ते लालीकडे झुकतं, साबणासारखा अल्कली मिळाला की निळाईकडे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी १९१३च्या सुमारास दाखवून दिलं, की कॉर्नफ्लॉवर या निळ्या रानफुलात आणि लाल गुलाबात रंगाचा मूळ रेणू एकच आहे. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी, विशेषतः हरितद्रव्यासाठी, त्यांना १९१५चं नोबेल मिळालं. लाल आणि निळा हे एकाच रेणूचे दोन चेहरे आहेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मी वांग्याच्या सालीकडेसुद्धा आदरानं पाहतो.

कारण वांग्याच्या सालीत हेच आहे. करवंदात, तुतीत, काळ्या द्राक्षात, डाळिंबाच्या दाण्यात, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत आणि कोकमात हेच. सोलकढीला येतो तो गुलाबी रंगही याचाच. चैत्रात आंब्याला फुटणारी तांबूस पालवी बघा. कोवळ्या पानांत हरितद्रव्याचा कारखाना अजून नीट लागलेला नसतो, तेव्हा कडक उन्हापासून त्यांना आडोसा म्हणून झाड हा रंग भरतं, असं बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. बीट आणि लाल माठ मात्र या घराण्यातले नाहीत. त्यांचा रंग बीटालेन नावाच्या निराळ्याच द्रव्याचा आहे, आणि नवल असं की निसर्गात एकाच झाडात अँथोसायनिन आणि बीटालेन अशी दोन्ही द्रव्यं आजवर कधी एकत्र सापडलेली नाहीत.

हाच रंग आज बाजारात ‘अँटिऑक्सिडंट’ या नावानं विकला जातो. ब्लूबेरीच्या छोट्या डबीवर, डाळिंबाच्या रसाच्या बाटलीवर, जांभळाच्या भुकटीच्या पाकिटावर हा शब्द असतोच. बेरी खाल्ल्या की त्यातली अँटिऑक्सिडंट रक्तात उतरतात आणि शरीराला झिजवणाऱ्या फ्री रॅडिकल्सना गाठून निकामी करतात, असा सगळ्यांचा समज आहे. बेरी खाण्याच्या बाजूनं चांगला पुरावा आहे. हे स्पष्टीकरण मात्र त्या पुराव्यात बसत नाही. खरं काय घडतं ते कितीतरी अधिक थक्क करणारं आहे.

आधी फ्री रॅडिकल म्हणजे काय ते पाहू. रेणूमधले इलेक्ट्रॉन बहुधा जोडीनं राहतात. एखाद्याची जोडी तुटली की तो रेणू अस्वस्थ होतो आणि शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग शेजारी अस्वस्थ. तेल खवट होतं ते अशाच साखळीमुळे. अर्जेंटिनात जन्मलेल्या रेबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली एक धाडसी गोष्ट मांडली: शुद्ध ऑक्सिजन जास्त झाल्यानं होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांच्या मुळाशी एकच कारण आहे, फ्री रॅडिकल्स. ज्या हवेवर आपण जगतो तीच आपल्याला थोडी थोडी झिजवते, असा त्याचा अर्थ. डेनहम हार्मन यांनी १९५६ मध्ये फ्री रॅडिकल्सवर म्हातारपणाचा सिद्धान्त उभा केला. हार्मन आधी शेल या तेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते, नंतर डॉक्टर झाले. तरीही जिवंत पेशीत हे घडतं का, यावर बराच काळ शंका होती. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सापडलं. सुपरऑक्साइड या रॅडिकलची विल्हेवाट लावणं हेच त्याचं काम. शरीरानं त्यासाठी खास यंत्रणा ठेवली आहे, म्हणजे धोका खरा असणार.

इथून पुढे विचार सरळ धावला. रॅडिकल वाईट, तर त्यांना शांत करणारं द्रव्य चांगलं. मग कोणत्या फळात ते जास्त, हे मोजायच्या चाचण्या निघाल्या. ओरॅक ही त्यातली सर्वांत गाजलेली. परीक्षानळीत फ्लुओरेसिन नावाचं चमकणारं द्रव्य घ्यायचं, त्यात रॅडिकल्स सोडणारं रसायन टाकायचं. चमक हळूहळू विझत जाते. मग फळाचा अर्क घालून बघायचं, की विझायला किती वेळ जास्त लागतो. तेवढे गुण त्या फळाला. १९९९ मध्ये बॉस्टनला जेम्स जोसेफ यांच्या गटानं १९ महिन्यांच्या, म्हणजे उंदीरवयानं म्हाताऱ्या, उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरीचा अर्क खाऊ घातला. त्यांचा तोल आणि हालचाली सुधारल्या. ब्लूबेरीचं नाव जगभर झालं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २००७ मध्ये शेकडो पदार्थांच्या ओरॅक गुणांची यादी प्रसिद्ध केली आणि कंपन्यांनी ती उचलून धरली.

२०१२ मध्ये त्याच खात्यानं ती यादी संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतल्या या गुणांचा माणसाच्या आरोग्यावर होणाऱ्या परिणामाशी संबंध दिसत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, असं कारण देऊन. विज्ञानात स्वतःचीच गाजलेली यादी मागे घेण्याचा प्रसंग फार वेळा येत नाही, आणि मला त्या निर्णयाचं मोल फार वाटतं.

तोवर जास्त गंभीर गोष्टी घडून गेल्या होत्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटीन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत सिगारेट ओढणारे आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ जणांवरची तशीच चाचणी, बीटा कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्व देणारी, १९९६ मध्ये २१ महिने आधीच थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्क्यांची होती. पुढे २००९ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात तरुणांना व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर व्यायामानं इन्सुलिनचा परिणाम सुधारायला हवा तो सुधारलाच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये तो नीट सुधारला. व्यायाम करताना स्नायूंत तयार होणारी रॅडिकल्स ही इजा नसून निरोप असतात; शरीर त्यांच्याकडून शिकतं. निरोपच पुसून टाकला तर शिकणार काय?

शरीराकडे स्वतःची व्यवस्था किती जबरदस्त आहे हे जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की डोळ्यांना दिसतं. जो पांढरा फेस फसफसून वर येतो तो कॅटलेज या विकराचा प्रताप. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू पाणी आणि ऑक्सिजनमध्ये फोडून टाकतो. प्रत्येक पेशीत ग्लुटाथायोन असतं. रक्तात युरिक अॅसिड असतं, लिटरमागे २०० ते ४०० मायक्रोमोल. गाउटमुळे बदनाम झालेलं हे द्रव्य रक्तातल्या मोठ्या अँटिऑक्सिडंटपैकी एक आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांमधलं युरिक अॅसिड फोडणारं विकर बंद पडलं, म्हणून ते आपल्यात इतकं साठतं. याच्या तुलनेत भरपूर बेरी खाल्ल्यानंतर रक्तात फिरणारं मूळ अँथोसायनिन मोजलं तर एक मायक्रोमोलसुद्धा भरत नाही. शेकडो पटींचा फरक. इतक्या थोड्या रेणूंनी रक्तातली रॅडिकल्स थेट गाठायची म्हटली तरी त्यांचा हिस्सा नगण्य राहणार.

पण मग फळं खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली दिसते, ती कशी? ओरेगनमधल्या लायनस पॉलिंग इन्स्टिट्यूटच्या सिल्विना लोटिटो आणि बाल्झ फ्राय यांनी याचा छडा लावला. सफरचंदं खाल्ल्यावर रक्ताची क्षमता वाढली. पण सफरचंदात असते तेवढी नुसती फ्रुक्टोज साखर पाण्यात विरघळवून दिली तरी ती तेवढीच वाढली. यकृतात फ्रुक्टोज पचवताना युरिक अॅसिड तयार होतं, आणि क्षमता वाढते ती त्यानं. श्रेय रंगाला मिळत होतं, काम साखर करत होती.

इथे बऱ्याच जणांनी हात झटकले असते. सुदैवानं काही जणांनी वेगळा प्रश्न विचारला: रंग रक्तात सापडत नाही, तर तो जातो कुठे?

त्याचं उत्तर शोधणारा २०१३चा प्रयोग मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियातल्या संशोधकांनी सायनिडिन ग्लुकोसाइड हे अँथोसायनिन वापरलं. हे ब्लॅकबेरीत भरपूर असतं, आणि आपल्या कोकमाच्या सालीत जी दोन मुख्य अँथोसायनिनं आहेत त्यांतलं एक हेच. त्यांनी ते प्रयोगशाळेत अशा तऱ्हेनं बनवून घेतलं, की प्रत्येक रेणूतले पाच कार्बन अणू नेहमीपेक्षा किंचित जड, कार्बन-१३चे, होते. हा कार्बन किरणोत्सारी नसतो, शरीराला निरुपद्रवी, पण यंत्राला तो ओळखता येतो. म्हणजे रेणूचे कितीही तुकडे झाले, तरी तुकड्यावर खूण राहणार. आठ पुरुषांना अशा रंगाचे ५०० मिलिग्रॅम दिले आणि दोन दिवस त्यांचं रक्त, लघवी, शौच आणि श्वास गोळा केला.

होय, श्वाससुद्धा. दिलेल्या रंगातला सुमारे ७ टक्के खुणेचा कार्बन त्यांच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर आला. फळाचा रंग आपण श्वासावाटे सोडतो, ही कल्पनाच विलक्षण आहे. आणखी ५ टक्क्यांच्या वर लघवीत सापडला. म्हणजे निदान १२ टक्के रंग शरीरात शोषला गेला होता, तोवरच्या मापनांत दिसे त्याच्या कितीतरी पट. आधीच्या संशोधकांना तो सापडत नव्हता, कारण ते जांभळ्या रंगाच्या अखंड रेणूचा शोध घेत होते आणि रक्तात फिरत होते त्याचे बिनरंगी तुकडे. काही तुकडे आतड्याच्या अल्कलीत आपोआप तुटलेले, काही यकृतानं घडवलेले, आणि बरेचसे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी कुरतडून दिलेले. प्रोटोकॅटेच्युइक अॅसिड, व्हॅनिलिक अॅसिड, हिप्युरिक अॅसिड. त्यातल्या काहींचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायला १२ तास लागले, काहींना ५० तासांच्या वर. म्हणजे आज खाल्लेल्या फळाचे तुकडे परवाही रक्तात असतात.

त्यातलं जिवाणूंचं काम तर माणसागणिक बदलतं. डाळिंब, स्ट्रॉबेरी, रास्पबेरी यांत एलॅजिटॅनिन असतात, त्यांपासून काही जणांच्या आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाची द्रव्यं बनवतात. काहींच्या आतड्यात तसे जिवाणूच नसतात, त्यांना ती मिळत नाहीत. एकाच पंगतीत बसून एकच डाळिंब खाणाऱ्या दोन भावंडांच्या रक्तात दोन निराळ्या गोष्टी पोचत असतील.

हे तुकडे पुढे काय करतात? याचा सर्वांत ठोस मागोवा रक्तवाहिन्यांत लागला आहे. त्याची चाचणी अगदी साधी दिसते. दंडातली रोहिणी साधारण चार मिलिमीटर रुंद असते. अल्ट्रासाउंडनं तिची रुंदी मोजतात. मग हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो पाच मिनिटं घट्ट फुगवतात, रक्त थांबवतात आणि एकदम सोडतात. रक्ताचा लोंढा येतो, तो वाहिनीच्या आतल्या अस्तराला घासत जातो, आणि ते एका पेशीइतकं पातळ अस्तर लगेच नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवून भोवतीच्या स्नायूला सैल व्हायला सांगतं. रोहिणी काही टक्क्यांनी रुंदावते. किती रुंदावली यावर अस्तर किती तरतरीत आहे ते कळतं; हृदयविकार वाढायच्या आधी ही तरतरी मंदावत जाते. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चं नोबेल मिळालं आहे.

२०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांनी ब्लूबेरीचं पेय घेतल्यावर ही रोहिणी एक-दोन तासांत जास्त रुंदावली, मग परिणाम ओसरला, आणि सहा तासांनी पुन्हा वर आला. दोन लाटा, आणि रक्तात तुकडे वाढण्याच्या वेळांशी जुळणाऱ्या. त्याच वेळी रक्तपेशींमधल्या एनएडीपीएच ऑक्सिडेज या विकराचं काम मंदावलेलं आढळलं. आणि हेच ते विकर, जे सुपरऑक्साइड तयार करतं. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला भेटताक्षणी नष्ट करतं. म्हणून ते कमी तयार झालं, की नायट्रिक ऑक्साइड जास्त टिकतं आणि वाहिनी सैल राहते.

नळ गळतोय आणि आपण फरशी पुसत बसलोय, अशी जुनी अँटिऑक्सिडंटची कल्पना होती. बेरीचे तुकडे नळाची चावी किंचित आवळतात. फरशी कोरडी होते ती त्यामुळे. याखेरीज पेशींवरच्या प्रयोगांत असंही दिसतं, की वनस्पतींची ही द्रव्यं पेशीला थोडी उपरी वाटतात. त्यांची चाहूल लागली की एनआरएफ-२ नावाचं प्रथिन बंधनातून सुटतं, पेशीच्या केंद्रात जातं आणि शरीराची स्वतःची बचावाची विकरं जास्त बनवायला लावतं. माणसाच्या शरीरात याचा वाटा किती, हे अजून तितकं पक्कं झालेलं नाही.

आता माणसांवरचा पुरावा. अमेरिकेत परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात ९३,६०० स्त्रियांवर १८ वर्षं नजर ठेवली होती. ज्यांच्या आहारात अँथोसायनिन सर्वांत जास्त होतं, मुख्यतः ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरीमधून, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ३२ टक्के कमी आढळले. आधीच्या पिढीतल्या परिचारिकांच्या अभ्यासात ७० वर्षांवरच्या १६,०१० स्त्रियांमध्ये जास्त बेरी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती अडीच वर्षांपर्यंत कमी वयाच्या बायकांसारखी निघाली. आकडे मोठे आहेत, पण रोज बेरी खाणारी बाई बहुधा चालायलाही जाते, सिगारेट ओढत नाही, तिच्या हातात पैसाही जरा जास्त असतो. संशोधक गणितानं या गोष्टी वजा करतात. पूर्ण वजा होतात असं नाही.

म्हणून २०१९ची नॉर्विचमधलीच चाचणी मला जास्त मोलाची वाटते. पोट सुटलेलं, साखर आणि रक्तदाब वरच्या बाजूला अशा मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ११५ जणांनी सहा महिने रोज ब्लूबेरीची भुकटी किंवा तशीच दिसणारी, तशीच लागणारी नकली भुकटी खाल्ली. कुणाला काय मिळतंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. रोज १५० ग्रॅम ताज्या फळाइतकी भुकटी खाणाऱ्यांची रोहिणी स्पष्टपणे जास्त रुंदावू लागली. ७५ ग्रॅमवाल्यांत काही फरक नाही. आणि रक्तातली साखर, इन्सुलिनचा परिणाम? त्यातही काही फरक नाही. या चाचणीला अमेरिकी ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचाही पैसा होता; तरी तिनं नकारात्मक निकाल लपवले नाहीत. बेरी खाऊन झटके खरोखर टळतात का, हे हजारो माणसांवर वर्षानुवर्षं आजमावणारी चाचणी झालेली नाही. जवळची म्हणावी अशी, कोकोमधल्या फ्लॅव्हॅनॉलवरची, २१,४४२ जणांची चाचणी २०२२ मध्ये पुरी झाली. तिथे हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी दिसले, पण जो मुख्य निकष ठरवला होता त्यावर फरक सिद्ध झाला नाही.

साखरेबद्दलचा तो निकाल आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवा. मधुमेहावर जांभूळ, असं आपल्याकडे घरोघर मानतात. उंदरांवरचे बरेच प्रयोग त्याच्या बाजूनं आहेत. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे, आणि ब्राझीलमध्ये मधुमेह्यांना जांभळाच्या पानांचा चहा देऊन बघितला तेव्हा साखर उतरली नाही. ज्यांना नेहमीचं औषध दिलं होतं त्यांची उतरली. जांभूळ आवडीनं खावं, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच्या भरवशावर सोडू नये. हे मी अगदी कळवळून सांगतो, कारण असं करणारे कमी नाहीत.

खायचं म्हटलं तर महागडी डबी लागत नाही. जांभळातलं अँथोसायनिन ब्लूबेरीच्याच जातकुळीतलं आहे: डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन हे तिन्ही मूळ रेणू दोन्हीकडे सापडतात. लागवडीच्या ब्लूबेरीत रंग जवळजवळ सगळा सालीत असतो आणि गर फिका. म्हणून साल टाकून काही उपयोग नाही. उष्णता आणि साठवण या रंगाच्या मुळावर येतात. स्ट्रॉबेरीचा जॅम काही महिन्यांत तपकिरी पडतो, तेव्हा अँथोसायनिन गेलेलं असतं. कोकम सरबतात आगळापेक्षा साखरच जास्त असली, तर ती साखर पोटात जातेच. थंडीचं मात्र या रंगाला फारसं वावडं नाही. जूनमध्ये टोपलीनं मिळणारी जांभळं धुऊन, पुसून, बिया काढून डब्यात भरली आणि फ्रीझरमध्ये ठेवली तर रंगातला बराचसा भाग टिकतो, आणि रोज एक वाटी काढून खाता येतात.